वही पाठवते आहे, पण आधी हे वाच

वेंगुर्ला,
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

तू पीएचडीसाठी मागितलेली आमच्या काजूच्या कारखान्यातली वजनाची वही पाठवते आहे. शेजारचा मुलगा उद्या कोकणकन्येने मुंबईला निघतोय, त्याच्या पिशवीत दिली आहे. सोबत सोलं आणि कुळथाचं पीठ आहे, पीठ लगेच डब्यात काढ. पण वही उघडण्याआधी हे पत्र वाच. त्या वहीत मी खोटं लिहिलेलं आहे.

चार पानांचे फोटो मोबाइलवर पाठवले तेव्हा तू केवढी खूश झालीस. आकडे किती एकसारखे आहेत म्हणालीस. मग सांगितलंस की एका मुलीच्या नावापुढे दोन आठवडे अकरा-अकरा किलो आहे, ते बाकीच्यांत बसत नाही, सरांनी ‘आउटलायर’ म्हणून बाजूला काढायला सांगितलंय. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर कूस बदलत राहिले. बाय, त्या पानावर तेवढाच आकडा खरा आहे.

काजूची साल काढायचं काम तू लहानपणी पाहिलंस, पण हिशोब तुला कुणी सांगितला नसेल. बी वाफवून फोडतात, गर भट्टीत सुकवतात, मग तो आमच्या टेबलावर येतो. सुरीने साल काढायची आणि गर अख्खा राहिला पाहिजे. अख्खा मोठा गर २४० नंबरात जातो, म्हणजे एका पौंडात २२० ते २४० दाणे. तुटला की पाकळी, अजून तुटला की तुकडा, आणि भाव खाली. बायकांना मजुरी किलोवर. संध्याकाळी काट्यावर सूप ठेवायचं, आकडा मी लिहायचा. आमच्याकडे एचआर म्हणजे मी आणि ही वही.

ती मुलगी नवीन आली होती. हात असा चाले की सुरी दिसायची नाही. तिसऱ्या आठवड्यात अकरा किलोवर गेली. शनिवारी मालकांनी वही चाळली आणि विचारलं, ही अकरा काढते तर बाकीच्या आठावर का अडतात? पुढच्या महिन्यात किलोमागे पन्नास पैसे कमी झाले. सगळ्यांचेच.

कुणी तिला शिवी दिली नाही. नुसतं दुपारी डबे उघडले की तिच्या शेजारी कुणी बसेना. पाण्याचा तांब्या तिच्यापर्यंत पोचेना. चार दिवस तिने ते सोसलं. पाचव्या दिवशी काट्यावर यायच्या आधी तिने आपल्या सुपातले ओंजळी-दोन ओंजळी गर बाजूच्या म्हातारीच्या सुपात ओतले. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिचे पाचाच्या वर जात नसत. त्या दिवशी दोघींचे आठ-आठ भरले. मी समोर उभी होते. मी आठ-आठ लिहिलं.

मग ते रोजचं झालं, आणि एकीचं न राहता टेबलभर झालं. मोठं मन म्हणून मी गप्प राहिले असं समजू नकोस. परत दर कापला असता तर बायकांनी माझ्या वहीलाच बोल लावला असता, मला त्याची भीती होती.

गणपतीवरच्या माटवीला, त्या लाकडी चौकटीला फळं बांधताना तू मला शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट सांगितलीस, आठवतं? १९३१-३२ साली टेलिफोनच्या यंत्रांच्या तारा जोडण्याच्या कामावरचे चौदा पुरुष एका खोलीत बसवले आणि एक माणूस त्यांच्यातच नुसता बघत बसला. जास्त काम करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा मारत. काम कमी-जास्त झालं तरी सांगताना रोज सारखंच सांगत, आणि बघणाऱ्याने स्वतः मोजलं तेव्हा ते जुळेना. तू रंगात येऊन सांगत होतीस आणि मी सुपारीचा घोस घट्ट करत गप्प होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. आमच्याकडे गुद्दा नव्हता, एकटीचा डबा होता, एवढाच फरक.

आता कामाचं. काही आकड्यांशेजारी पेन्सिलचं बारीक टिंब दिसेल. जिथे टिंब आहे तिथे वजन त्या बाईचं एकटीचं नाही. खोटं लिहिताना हात अडायचा म्हणून मी टिंब द्यायला लागले, पण ते दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षाच्या पानांवर टिंब नाही म्हणून ती खरी धरू नकोस.

वही द्यायच्या आधी, वहीतल्या ज्या बायका अजून आहेत त्यांच्या घरी जाऊन विचारून आले. तू नावं छापत नाहीस, नंबर देतेस, हेही सांगितलं. एक जण हसत म्हणाली, “आता माका कोण काढतलो कामावरसून?” एकीने मात्र नको म्हटलं. तिची ओळ मी कागद चिकटवून झाकली आहे. तो कागद काढू नकोस.

आणि तुझी ती प्रश्नावली. १ ते ५ मधलं काय ते निवडा, ‘कामावर समाधानी आहात का’. सगळ्यांनी ४ दिलं म्हणून तू हरखलीस. तू गेल्यावर एकीने मला गाठून सांगितलं, “तुझ्या चेडवाक बरा वाटाचा म्हणान चार लिवलंव.” पुढच्या वेळी कागद घेऊन येऊ नकोस. पंधरा दिवस रजा काढून ये आणि साल काढायला बस. पहिल्या दिवशी तुझे दोन किलोही होणार नाहीत, पण डबा उघडताना शेजारी कोण बसतं ते दिसेल.

मामा परवा पुन्हा विचारत होता, एचआर शिकली तर कंपनीत का जात नाही, पीएचडी संपणार कधी. त्याला म्हटलं, तुझ्या परड्यातली वेंगुर्ला-४ काजूची कलमं आपल्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ ला बाहेर आली, केंद्र १९५७ चं. तेव्हा कुणी विचारायला गेलं होतं का, इतकी वर्षं काय करता म्हणून? तो गप्प बसला. मी मात्र आतून गप्प नाही. तासिका तत्त्वावर तू किती वर्षं काढणार, याची काळजी मलाही आहे. पण कंपनीत गेलीस तर शनिवारी वही मालकापुढे ठेवावी लागेल, तेही मला ठाऊक आहे.

सरांना हे पत्र दाखवायचं तर दाखव. त्यांना माझा नमस्कार सांग.

शेवटच्या पानावर उभी बेरीज आहे, ती काजूची नाही. तुझ्या बारावीच्या क्लासची फी मी कुणाकुणाकडून उचलली होती त्याचा हिशोब आहे. तो तुझ्या आकड्यांत धरू नकोस.

तुझी,
आई