जळगाव-धुळ्यातील अनोळखी सहकाऱ्यांचे आभार

वासुदेव आणि अंतराळवीर अशा वेशांतील मॉडेलना भर बाजारात उभे करायचे आणि छायाचित्र मात्र त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचे घ्यायचे, हे आमचे काम जळगावच्या फुले मार्केट परिसरात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर पार पडले, ते ज्यांची नावेही विचारायची राहून गेली अशा माणसांमुळे. चेहऱ्यावरचे आश्चर्य क्षणभरच टिकते आणि कॅमेरा दिसताच माणूस सावरून उभा राहतो. त्यामुळे ३५ मिमी भिंग लावून, फोकसचे अंतर आधीच पक्के करून आडोशाला थांबावे लागते. तो आडोसा आम्हाला एका भांडीवाल्या काकांनी दिला. ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी त्यांनी पितळी कळशांची उतरंड स्वतः बाजूला सरकवली.

अंतराळवीर झालेला मुलगा घामाने निथळत असल्याचे पाहून ज्या आजींनी त्याला हेल्मेट काढायला लावले, पदराने त्याची काच पुसली आणि रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला, त्यांचे ऋण मोठे आहे. या मालिकेतील सर्वांत बोलका फोटो, माझ्या मते, त्यांचाच आहे.

फोटो पाहून ज्यांनी आनंदाने संमती दिली त्यांचे आभार, आणि ज्यांनी स्पष्टपणे नकार दिला त्यांचेही तितकेच, कारण रस्त्यावर असणे म्हणजे संमती नव्हे. त्यांचे फोटो आम्ही त्यांच्यासमोरच पुसले. गर्दीतून वाट मोकळी करून देणाऱ्या रिक्षाचालक दादांनाही मनापासून धन्यवाद. सर्वांच्या प्रती काकांच्या दुकानात ठेवल्या आहेत. आपापली प्रत अवश्य घेऊन जावी.