वृद्धाश्रमातली मारहाण हा घरचा मामला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं मुलांवर येऊन थांबतं. मुलगा नालायक, सून वाईट, जमाना बदलला. पण म्हातारं माणूस एकदा फाटकाच्या आत गेलं की तिथं त्याला कोण जेवू घालतं, कोण पुसतं, कोण हात उगारतं, हे विचारायला कोणी जात नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्य सेविका होते, आता निवृत्त आहे. हे पत्र त्या फाटकाच्या आतल्या माणसांसाठी आहे.

माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या काकूला, लकवा झाला. उजवी बाजू पूर्ण गेली. एकुलता एक मुलगा पुण्याकडे कंपनीत, कंत्राटी कामावर. गावात तिच्या दिराचं घर आहे, पण कापूस वेचणीला आला की घरातलं पोरसोर धरून सगळे वावरात. दिवसभर तिच्याजवळ बसणार कोण? म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत तिला ठेवलं. महिन्याचे आठ हजार रुपये, शिवाय सुरुवातीला अनामत. मुलानं एकही महिना थकवला नाही. त्याला दोष देणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

दिवाळीनंतर मी भेटायला गेले. तिला व्हरांड्यात आणून देतो, इथंच भेटा, असं सांगण्यात आलं. मी नर्स आहे म्हटल्यावर तर आत सोडायला साफ नकार. वाद घालूनच आत शिरले. मोठी आई खाटेवर पडून होती. तिचा चांगला असलेला डावा हात खाटेच्या दांडीला बांधलेला, आणि बांधायला चिंधी वापरली होती ती तिच्याच लुगड्याच्या काठाची. मनगटावर काळानिळा वळ. पाण्याचा गडवा स्टुलावर ठेवला होता, पण उजव्या बाजूला, लुळ्या हाताकडे. मी तिला कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या, आत हाड दिसत होतं. दोन्ही टाचा फुटलेल्या. लकव्याच्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि अंग कोरडं ठेवायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात अगदी सुरुवातीलाच शिकवलं होतं. हाडापर्यंत गेलेली जखम एका रात्रीत होत नाही. तिथली बाई मला सरळ म्हणाली, "रात्री ओरडते, बाकीच्यांची झोप मोडते, म्हणून बांधतो." यात लपवण्यासारखं काही आहे, असं तिला वाटतच नव्हतं.

आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. महिन्याभरात ती गेली. प्रकरण आता दाखल केलं आहे, म्हणून संस्थेचं नाव इथं लिहीत नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "हा तुमचा घरचा मामला आहे, आपसात मिटवा." मग एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून कागद हातात दिला. अशा नोंदीवर पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करत नाहीत. इथंच सामान्य माणूस परत फिरतो. म्हणून मी वकिलांकडून जे समजून घेतलं ते इथं लिहिते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 प्रमाणे कोणाला बेकायदा डांबून ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नुसत्या मारहाणीची एनसी होते. खाटेला बांधून ठेवलं असेल, तर तक्रारीत ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे. हयगयीमुळे जिवाला धोका झाला तर कलम 125 आहे. आणि कलम 357 तर नेमकं अशाच लोकांसाठी आहे: असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती मुद्दाम टाळणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिक्षा तोकडी आहे, पण कलम आहे, आणि मला भेटलेल्या पोलिसांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं.

2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो. एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांपुढे अर्ज करायचा, वकील लागत नाही, मुलांकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळतो. चांगला कायदा आहे. पण त्याचा सगळा रोख मुलांवर आणि वारसांवर. त्यातल्या कलम 24 ची शिक्षा आहे ती म्हाताऱ्या माणसाला कुठंतरी टाकून देणाऱ्याला. पैसे घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेनं उपाशी ठेवलं, बांधलं, तर एसडीओ कार्यालयात त्याची दाद लागत नाही. ही उणीव भरून काढणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं. प्रत्येक वृद्धाश्रमाची नोंदणी, किमान सोयींचे निकष, प्रत्येक पोलीस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक जबाबदार अधिकारी, असं सगळं त्यात होतं. ते मंजूर झालंच नाही आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तशी त्याचीही संपली. कोणत्या पक्षानं यावर निवडणुकीत एक शब्द काढला?

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. माणूस गेलं असेल तर वारस करू शकतात. पण इथं एक खोच आहे. आमच्या हातात दर महिन्याला पावती पडायची ती 'देणगी' म्हणून. फुकट सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही, त्यामुळे उद्या संस्था म्हणणार की आम्ही फी घेतलीच नाही. माझ्या चुलतभावानं दर पाच तारखेला मोबाईलवरून पाठवलेल्या आठ हजारांच्या नोंदी आता आमच्या कामाला येताहेत. देणगी कोणी दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या आकड्याची देतं का? ज्यांचं माणूस असं कुठं ठेवलेलं आहे त्यांनी रोख पैसे देऊ नयेत. माणसाला दवाखान्यात नेलं की जखमेची लांबी-रुंदी, खोली आणि मनगटावरचे वळ डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्यावेत आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करायचा आग्रह धरावा. फोटोपेक्षा हा कागद पुढं जास्त टिकतो.

माझी चुलत जाऊ मला म्हणाली, "सेवा करते ते लोकं, त्याहिले काय म्हनाव बाई?" तिचं मन मला कळतं. गाडगेबाबांच्या आणि बाबा आमटेंच्या या मुलखात सेवा म्हटलं की आपले हात आपोआप जोडले जातात. जीव ओतून काम करणाऱ्या संस्था मीही पाहिल्या आहेत, आणि तपासणीचं त्यांना कधी भय वाटलेलं पाहिलं नाही. पण हात जोडले म्हणून डोळे मिटायचे नसतात. ट्रस्ट म्हणून नोंदलेली संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार जाऊ शकते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41-ड खाली गैरवर्तन करणाऱ्या विश्वस्तांना काढूनसुद्धा टाकता येतं.

केंद्राचा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि समाजकल्याण खात्यानं जिल्ह्यातल्या प्रत्येक वृद्धाश्रमाची यादी करावी, खासगी आणि बिनअनुदानितसुद्धा, आणि एक महिला डॉक्टर सोबत घेऊन न कळवता पाहणी करावी. स्वयंपाकघर आणि रजिस्टर पाहून चहा पिऊन परत येऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या प्रत्येकाची पाठ पाहावी.

ज्यांच्या घरचं कोणी आज अशा ठिकाणी आहे त्यांना माझं सांगणं आहे: पुढच्या भेटीत फळं देऊन निघू नका. पांघरूण बाजूला करा, पाठ, टाचा आणि मनगटं पाहा, एकट्यात दोन शब्द बोला. तेवढंही करू देत नसतील तर त्याच दिवशी 14567 वर फोन लावा. ज्येष्ठांसाठीची ही हेल्पलाइन फुकट आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)