विलीचं पुढं काय झालं?

नाशिक
रविवार

प्रिय संज्या,

तुझं पत्र मिळालं. आईचे गुडघे सोडले तर घरी सगळं ठीक.

पोरांना दाखवायला सिनेमा विचारला होतास ना? 'फ्री विली' दाखव. १९९३ चा आहे. आईनं टाकलेलं, कुणाचंच न ऐकणारं पोरगं आणि टाकीत कोंडलेला, डोक्यानं फिरलेला म्हणून बदनाम झालेला विली नावाचा ओर्का, म्हणजे किलर व्हेल. विम्याच्या पैशासाठी जिवावर उठलेला मालक जरा बटबटीत आहे, पण चालतं.

निफाडचा भाचा आलाय, त्याच्यासोबत पुन्हा पाहिला. विली दगडी बांधावरून समुद्रात झेपावतो तेव्हा पठ्ठ्याची चिवड्याची मूठ तोंडापाशीच थांबली. मग म्हणाला, "मामा, पुढं काय झालं त्याचं?"

आता काय सांगू? विलीचं काम करणारा केइको १९७९ साली, पिल्लू असतानाच आइसलँडजवळ पकडलेला. सिनेमा आला तेव्हा तो मेक्सिकोत एका तोकड्या टाकीत होता, अंगावर त्वचारोग. सिनेमा पाहून पोरांनी पत्रं लिहिली, पैसे जमवले. १९९६ साली त्याला अमेरिकेत ओरेगॉनला हलवलं, १९९८ साली विमानानं आइसलँडला. २००२ मध्ये सुटला आणि पोहत थेट नॉर्वेला गेला, तर तिथंही माणसांच्याच मागं! पोरं त्याच्या पाठीवर बसायची. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, गेला. माणसांची सवय काही सुटली नाही. मला तर वाटतं, त्या मैत्रीनंच त्याचा घात केला.

भाचा गप्प बसला. मग त्यानं त्यांच्याकडची गोष्ट काढली. ऊसतोडीत फडात बिबट्याचे बछडे सापडले की गावात आधी बोंब, मग फोटोसाठी झुंबड. वनखात्याची माणसं सगळ्यांना मागं हटवतात आणि बछडे कॅरेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते, एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. बिबट्याची भीती त्यांच्याकडे खरी आहे, संज्या. अंधारात पाण्याची मोटार चालू करायला जाणाऱ्याला तू 'गैरसमज आहे तुझा' म्हणून बघ! पण उसात वाढलेल्या त्या मादीला हाच फड घर वाटतो, यात तिची काय चूक?

"तुला हात लावावासा नाही वाटला?" मी विचारलं.

"वाटला ना. पण मग ती नेणार नाही असं वाटलं."

तसं काही नसतं म्हणे, माणसाचा हात लागला तरी मादी नेते. पण मी त्याला हे सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. दिवाळीत पोरांना घेऊन ये, निफाडला चक्कर मारू.

तुझा,
विन्या