पालकांच्या सहीपाशी अडलेला उपचार

महोदय,

परीक्षांचा हंगाम आला की मुलांच्या मानसिक ताणाविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते आणि मुलांनी मोकळेपणाने बोलावे, वेळेवर मदत मागावी, असे जो तो सांगतो. मात्र सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे मनावर घेतले आणि ते खरोखरच एकटे दवाखान्यात गेले, तर कायदा त्याला कुठवर साथ देतो, याचा विचार फारसा होत नाही. धुळ्यात वकिली करताना आणि विधी सेवेच्या शिबिरांनिमित्त खानदेशातील शाळा-वसतिगृहांत जाताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला आहे, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार १८ वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती अल्पवयीन ठरते. सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला साथ देणारी व्यक्ती, स्वतः निवडता येतो. अल्पवयीनाच्या बाबतीत कलम १५ प्रमाणे कायदेशीर पालक हाच प्रतिनिधी असतो. मुलाला रुग्णालयात दाखल करायचे झाल्यास काय करावे, हे कलम ८७ मध्ये बारकाईने सांगितले आहे. अर्ज पालकाने करायचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ व दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा वैद्यकीय व्यावसायिक यांनी मुलाला स्वतंत्रपणे तपासायचे. मुलाची इच्छा समजून घेता येत असेल तर तीही विचारात घ्यायची. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवायचे. आणि दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे रुग्णांच्या हक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, द्यायची. दाखल झालेल्या मुलासाठी एवढी काळजी घेणाऱ्या या कायद्याने, ज्याला दाखल होण्याची मुळीच गरज नाही, झोप उडाली आहे किंवा जीव नकोसा झाला आहे म्हणून केवळ कोणाशी तरी बोलायचे आहे, अशा मुलाविषयी मात्र वेगळे काहीच म्हटलेले नाही. ते स्वतःच्या संमतीने समुपदेशकापुढे बसू शकते की नाही, याचे उत्तर कायद्यात स्पष्ट नसल्यामुळे प्रत्येक दवाखाना ते आपापल्या परीने देतो, आणि सावधगिरीचे उत्तर अर्थातच ‘पालकांना घेऊन ये’ हेच असते.

गोपनीयतेचेही तसेच. कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि त्यातून अल्पवयीनांना वगळलेले नाही. पण त्याच कलमात नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याच्या कर्तव्यापुरती माहिती देण्याची मुभा आहे, आणि कलम १७ ने त्याला निदान व उपचार यांची माहिती मागण्याचा अधिकार दिला आहे. मुलाचा प्रतिनिधी म्हणजे पालकच असल्यामुळे, ज्यांच्यापासून एखादी गोष्ट काही काळ तरी झाकून राहावी असे मुलाला वाटते, नेमके त्यांनाच ती विचारण्याचा हक्क आहे. ही गाठ कशी सोडवायची, हे कायदा डॉक्टरवर सोपवून मोकळा होतो.

आता आपल्या भागाकडे पाहू. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांतून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत व इतरत्र जातात आणि मुले आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहतात. मागे एका तालुक्याच्या गावी अकरावीतला एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे) मित्राला बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. केसपेपर निघाला, पण आतून ‘वडिलांना आण’ असे सांगण्यात आले. वडील टोळीबरोबर सौराष्ट्रात होते, मुकादमाचा फोन लागत नव्हता, आणि वसतिगृहाचे गृहपाल सही करायला तयार होते तरी ते कायद्याने त्याचे पालक नव्हते. तपासणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही, कारण उद्या काही बरेवाईट झाले तर ‘कोणाच्या परवानगीने तपासले?’ हा प्रश्न त्यांनाच विचारला गेला असता. जीव धोक्यात असेल तर कलम ९४ प्रमाणे पालक हजर नसतानाही ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देता येतात; परंतु त्या मुलाची अवस्था तेवढी टोकाची नव्हती. म्हणजे दार उघडायला दुखणे विकोपाला जाण्याची वाट पाहायची, असा याचा अर्थ होतो.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. कायद्याने बंदी असूनही आपल्याकडे कोवळ्या वयात मुलींची लग्ने अजून उरकली जातात, हे कोणी नाकारणार नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार विवाहित अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक तिचा पती असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच असल्याचा निर्णय दिला आहे. तेव्हा सोळा वर्षांची सून रात्र-रात्र जागत असेल, तर तिच्या उपचारांच्या कागदावर सही करण्याचा अधिकार ज्याच्याकडे जातो, तोच माणूस पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली आरोपी असू शकतो. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असेल तर पुनर्विलोकन मंडळ दुसरा प्रतिनिधी नेमू शकते, हे खरे. पण सासरच्या घरातून ती मुलगी मंडळापर्यंत अर्ज कसा पोहोचवणार? आम्हा वकिलांना कलमे पाठ असतात, तिथवर जाण्याचा रस्ता मात्र कोणी पाठ करत नाही.

शिवाय बोभाट्याची भीती. मोठ्या शहरात मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आलेले कोणाला कळत नाही. इथे केसपेपरच्या खिडकीवरचा कर्मचारी भावकीतला निघतो, गोळ्या देणारा मेडिकलवाला वडिलांचा मित्र असतो, आणि व्हरांड्यात नावाचा पुकारा होतो तेव्हा गावातले कोणी ना कोणी बाकावर बसलेले असतेच. ‘येडासना डॉक्टर’कडे पोरीला नेले असे एकदा पसरले की पुढे तिची सोयरिक जमायला अडचण, म्हणून आईबापच टाळाटाळ करतात. ‘लोके काय म्हनतीन’ हा धाक मुलाच्या दुखण्यापेक्षा मोठा ठरतो. अशा घरातील मुलाला पालकांच्या सहीशिवाय पाऊल टाकता येत नसेल, तर त्याचा उपचाराचा हक्क कागदावरच राहतो.

इतर देशांनी यावर उत्तरे शोधली आहेत. इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने १६ वर्षांच्या मुलाला स्वतःच्या उपचारांना संमती देता येते, आणि १९८५ च्या गिलिक खटल्यानंतर त्याहून लहान पण पुरेशी समज असलेल्या मुलाची संमतीही ग्राह्य धरली जाते. दक्षिण आफ्रिकेत १२ वर्षांवरील समजूतदार मुलाला हा अधिकार आहे. आपल्या फौजदारी कायद्यालाही वयाची अशी पायरी अनोळखी नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ प्रमाणे, अन्य अर्थ अभिप्रेत नसल्यास, १२ वर्षांखालील मुलाची संमती ही संमती मानली जात नाही, म्हणजे त्यापुढच्या वयात ती सरसकट निरर्थक ठरवलेली नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम तर मुलाच्या मताला त्याच्या वयानुसार व समजेनुसार वजन द्या, असे सांगते.

माझे स्वतःचे मत असे की, आपल्याकडे १२ वर्षांची मर्यादा आणणे घाईचे होईल. १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, दाखल न होता आणि औषधे न घेता, समुपदेशनाची पहिली काही सत्रे पालकांच्या संमतीविना घेता यावीत, एवढी दुरुस्ती संसदेने २०१७ च्या कायद्यात करावी. औषधांचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवते. गोळ्यांचे दुष्परिणाम, त्या नियमित घेतल्या जातात की नाही, एकदम बंद केल्या तर काय होते, यावर घरातल्या कोणाचे तरी लक्ष असावे लागते. ‘मूल आमचे, त्याचे काय चालले आहे ते आम्हाला कळू नये का?’ असे विचारणाऱ्या पालकांना मी चुकीचे म्हणत नाही. बहुतेक आईबाप काळजीपोटीच विचारतात, आणि अनुभव असा की दोन-तीन भेटींनंतर बरीच मुले आपणहून आईला तरी सांगायला तयार होतात. पण त्या दोन-तीन भेटी आधी घडल्या पाहिजेत.

गोपनीयता म्हणजे सगळेच गुपित, असेही नव्हे. मूल जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात असेल तर घरच्यांना सांगावेच लागेल. लैंगिक अत्याचार उघड झाल्यास पॉक्सोच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि त्यातून डॉक्टर किंवा समुपदेशक सुटत नाहीत. ‘तू सांगशील ते कोणाला कळणार नाही’ असे आश्वासन म्हणूनच कोणी देऊ नये. कोणती गोष्ट आपल्यातच राहील आणि कोणती सांगणे भाग आहे, हे पहिल्याच भेटीत मुलाला साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. मूल मध्येच फसवले गेले तर ते पुन्हा कोणाकडे जाणार नाही.

संसदेची दुरुस्ती होईल तेव्हा होईल, पण काही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, खानदेशात एकही नाही; त्यामुळे जळगाव, धुळे व नंदुरबार येथील शासकीय रुग्णालयांच्या ओपीडीवरच आपली भिस्त आहे. तेथे पालक बरोबर असले तरी मुलाशी काही वेळ एकट्याने बोलण्याची पद्धत लेखी आदेशाने पाडता येईल, आणि नावाचा पुकारा करण्याऐवजी क्रमांक देता येईल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. शिकवण्यांच्या वर्गांपासून आश्रमशाळांपर्यंत त्याची अंमलबजावणी कुठवर आली, हे तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने जाहीर करावे. तळोदा, नंदुरबार आणि यावल येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच, म्हणजे पालक स्थलांतराला निघण्यापूर्वी, समुपदेशनासाठीची संमती त्यांना नीट समजावून लेखी घेतली, तर निम्मी अडचण तिथेच सुटेल.

केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू आहे. हा क्रमांक आता काही वसतिगृहांच्या भिंतींवर रंगवलेला दिसतो. परंतु मुलांना वापरता येणारा फोन बहुधा अधीक्षकांच्या टेबलावर असतो आणि समोर दोघे-तिघे बसलेले असतात. तो फोन ठरावीक वेळी मुलांना दार लावून घेता येईल अशा खोलीत मिळावा, एवढा आदेश तर प्रकल्प अधिकाऱ्यांना आजही काढता येईल.

आपली विश्वासू,
एक महिला वकील, धुळे