विषय : पॅनेलचं टेस्टिंग "ओके" दाखवून दोन ब्रेकरची जोडणी न तपासल्याबद्दल तक्रार

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला. तुमच्या लोकांनी दोन महिन्यांपूर्वी आमच्या एलटी पॅनेलचं (शॉपला वीज वाटणारं लो टेन्शन पॅनेल) टेस्टिंग केलं, शिक्का मारून रिपोर्ट दिला, सगळीकडं टिकमार्क. फोनवर तीनदा सांगून झालं, आता लेखी देतोय.

मागच्या आठवड्यात पावसात सँड प्लँटच्या केबल जॉईंटमध्ये पाणी गेलं आणि शॉर्ट झालं. आता त्या फीडरला (सँड प्लँटकडं जाणारी लाईन) 800 अँपिअरचा एसीबी म्हणजे एअर सर्किट ब्रेकर आहे, त्यानं पडायचं (ट्रिप व्हायचं) आणि बाकी शॉप चालू राहायचं, त्यासाठीच तर एवढे पैसे घातले. पण झालं काय, फीडर पडला आणि त्याच्याबरोबर 1600 अँपिअरचा मेन इनकमर (अख्ख्या शॉपची वीज ज्यातून येते तो ब्रेकर) पण पडला, अख्खं शॉप अंधारात. भट्टीत 500 किलो माल ओतायला तयार होता, कूलिंगचा पंप पण त्याच इनकमरवर. वरच्या टाकीतलं पाणी भट्टीच्या कॉईलला सोडलं म्हणून कॉईल वाचली, नाहीतर काय झालं असतं विचारू नका. माल तसाच पिगमध्ये (साध्या ठोकळ्यांच्या साच्यात) ओतायला लागला. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं तेव्हा निदान भट्टी रिकामी करून बंद करायला वेळ तरी मिळाला होता!

मग आमच्या वायरमननं इनकमरच्या ट्रिप युनिटचं (ब्रेकर कधी पाडायचा ते ठरवणारा भाग) रेकॉर्ड काढलं. शॉर्ट टाईम ट्रिप (शॉर्ट झाल्यावर ठरलेला डिले धरून पडायचं ते), जवळजवळ 12 हजार अँपिअर. डिलेचं सेटिंग काय तर इनकमर 0.3 सेकंद, फीडर 0.1 सेकंद, तुमच्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय. म्हणजे इनकमरनं थांबायला पाहिजे होतं, तो थांबलाच नाही. पॅनेलचं मागचं दार उघडलं तर कारण समोरच. फीडरकडून इनकमरला जाणारी झेडएसआयची (झोन सिलेक्टिव्ह इंटरलॉकिंग, म्हणजे खालच्या ब्रेकरनं वरच्याला "थांब" सांगायची सोय) दोन कोरची वायर, फेरुल नंबर घातलेली, टोकं सोललेली, पण टर्मिनलला लावलेलीच नाही, गुंडाळून काळ्या टेपनं केबल ट्रेला बांधून ठेवलेली. युनिटमध्ये मात्र झेडएसआय चालू केलेलं! फीडरकडून "मी बघतो, तू थांब" हा सिग्नल आलाच नाही, मग इनकमरला वाटणार फॉल्ट बसबारवरच (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) आहे, तो डिले न धरता लगेच पडणार. त्याची चूक नाही, त्याला जसं शिकवलं तसं तो वागला.

साहेब, तुमच्या माणसानं छोटं टेस्ट किट लावून प्रत्येक ब्रेकर एकेकटा तपासला, दोघांचे टाईम बरोबर आले, खुश होऊन निघून गेला. अहो पण एकेकटा ब्रेकर ठीक असणं वेगळं आणि दोघांनी एकमेकाचं ऐकणं वेगळं. किटवर टेस्ट घेताना इंटरलॉकिंग बाजूला ठेवलेलं असणार, त्याशिवाय इनकमरला 0.3 सेकंद आलेच नसते. रिपोर्टच्या वर आयएस/आयईसी 60947-2 लिहिलंय, त्याच स्टँडर्डच्या अ‍ॅनेक्स ए मध्ये दोन ब्रेकरच्या कोऑर्डिनेशनचं सगळं दिलंय, ते कुणी उघडून बघितलं का?

आणि फोनवर तुमचा इंजिनिअर म्हणतो, "इनकमरच्या टर्मिनलला जंपर टाका, परत असं होणार नाही." (जंपर म्हणजे टर्मिनल आपसात जोडणारा वायरचा तुकडा.) बरोबर, इनकमर परत असा पडणार नाही, पण जंपर टाकला की त्याला कायमच "थांब" सिग्नल मिळणार. उद्या खरोखर बसबारवर शॉर्ट झालं तरी तो पूर्ण 0.3 सेकंद बघत बसणार. आमचा 1000 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे, 5 टक्के इम्पिडन्स धरला तरी 26-27 हजार अँपिअर येतात, तेवढा वेळ ते पॅनेलमध्ये जळत राहिलं तर दारासमोर उभा असलेल्या माणसाचं काय? मग झेडएसआयसाठी जास्तीचे पैसे कशाला लावले होते बिलात?

आता मला पाहिजे ते सांगतो. सुट्टीच्या दिवशी माणूस पाठवा, शिकाऊ नको. वायर लावा आणि दोन्ही ब्रेकर एकत्र टेस्ट करा. फीडर आणि इनकमर दोघांना करंट द्या, फीडर पडला पाहिजे आणि इनकमर थांबलाच पाहिजे. मग एकट्या इनकमरला द्या, तो डिले न धरता पडला पाहिजे. मग मुद्दाम वायर काढून काय होतं ते आमच्या वायरमनला दाखवा. जमलं तर प्राइमरी इंजेक्शनच (ब्रेकरमधून खराखुरा मोठा करंट सोडून टेस्ट) करा. प्रत्येक वेळेचं रीडिंग रिपोर्टमध्ये पाहिजे, टिकमार्क चालणार नाही. आणि हे सगळं त्याच बिलात, नवीन व्हिजिट चार्ज लावलात तर भांडण होणार.

उरलेलं 30 टक्के पेमेंट तोपर्यंत थांबवलंय. भट्टीच्या मालाच्या नुकसानीचा हिशेब वेगळ्या कागदावर जोडलाय, त्यावर पण उत्तर द्या. त्या वायरचे फोटो पण जोडलेत, टेप अजून सोडलेला नाही, तुमच्याच माणसाच्या हातानं सोडायचा म्हणून ठेवलाय.

आपला,
शिरोलीचा ग्राहक