चेंबरची वर्गणी भरण्याआधी आपलं गिऱ्हाईक कोण ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवं आर्थिक वर्ष लागलं की व्यापारी संघटनांची सभासद नोंदणी सुरू होते आणि घरातून धंदा करणाऱ्यांपुढे, त्यातही बायकांपुढे, तोच प्रश्न येतो: चेंबरचं, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचं (चेंबर ऑफ कॉमर्स), सभासद व्हावं का? उत्तरं दोनच ऐकू येतात. ‘ओळखी वाढतात, होऊन टाका’ किंवा ‘ती मोठ्या लोकांची जागा, आपलं तिथं काय काम!’ दोन्ही उत्तरं धंदा न बघता दिलेली असतात. सोलापुरात कडक भाकरी, शेंगाचटणी, पापड, फराळ, गणवेशाची शिलाई हे सगळं घराघरांतून चालतं. म्हणून इथल्याच धंद्यांच्या हिशेबाने हा विषय मांडत आहे.

पाहायचं एकच: तुमचा माल शेवटी विकत कोण घेतं? घेणारं घर असेल, म्हणजे शेजारची सोसायटी, ओळखीतली लग्नं, पुण्या-मुंबईला माल नेणारे नातेवाईक, तर चेंबरच्या सभेत तुमचं गिऱ्हाईक नसतंच. तिथं असतात कारखानदार, आडते, वितरक, वाहतूकदार, सीए आणि विम्याची माणसं. ती तुमच्याकडून किलोभर चटणी घेतील. तुम्हाला मात्र विमा घेण्याचा आग्रह होईल. अशा धंद्याला बचत गटांची प्रदर्शनं जास्त उपयोगी पडतात. मुंबईचं महालक्ष्मी सरस किंवा पुण्याची भीमथडी जत्रा इथं घरासाठी खरेदी करणारं गिऱ्हाईक पिशवी घेऊनच येतं.

घेणारा स्वतः धंदेवाला असेल तर गोष्ट वेगळी. दिवाळीला कामगारांना फराळाचे बॉक्स वाटणारा कारखाना, रोजचे डबे लागणारं ऑफिस, गणवेश शिवून घेणारा उत्पादक, छोट्या दुकानांचे हिशेब बाहेर देणारे व्यापारी हे लोक चेंबरमध्ये भेटतात. तरी तिथंही आधी आकडेमोड करावी. समजा प्रवेश फी आणि वार्षिक वर्गणी मिळून ५,००० रुपये आहेत. त्यावर बहुतेक ठिकाणी १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे ५,९००. तुमची जीएसटी नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या जीएसटी योजनेत) असाल, तर त्या ९०० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही. निव्वळ नफा विक्रीच्या २० टक्के धरला, तर नुसती वर्गणी वसूल व्हायला २९,५०० रुपयांची नवी विक्री लागते. ही विक्री चेंबरमुळे आलेली हवी. एरवी झालीच असती ती यात धरायची नाही. प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं बहुधा वेगळं असतं, तेही यात मिळवावं. शिवाय काही संघटनांचं वर्ष एप्रिल ते मार्च धरतात. जानेवारीत सभासद झालात तर तीन महिन्यांसाठी पूर्ण वर्षाचे पैसे जातात. हे पावती घेण्याआधी विचारावं.

पैशापेक्षा मोठी अडचण येते ती ऑर्डर मिळाल्यावर, आणि तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. ओळखीतून एखाद्या कारखान्याने ५०० बॉक्स सांगितले असं समजा. बॉक्समध्ये पाव किलो चिवडा म्हटला तरी १२५ किलो चिवडा झाला. घरातल्या मोठ्या कढईत एका घाण्याला चार-पाच किलो धरले, तर पंचवीस ते तीस घाणे नुसते चिवड्याचे. त्यात पोहे भाजणं, शेंगदाणे-डाळं तळणं, निवू देणं आणि मग भरणं आलं. गरम चिवडा पिशवीत भरला तर वाफ धरून मऊ पडतो. तेल जुनं वापरलं तर दहा दिवसांत खवट वास मारतो. लाडू आणि शंकरपाळ्या अजून बाकीच. बॉक्स ४०० रुपयांचा धरला तर ऑर्डर दोन लाखांची होते आणि कच्चा माल, खोकी, मदतनिसांची मजुरी यात निम्म्याहून जास्त रक्कम दिवाळीआधीच हातची जाते. कंपनीचा लेखा विभाग बिल मात्र महिना-दीड महिन्याने काढतो. म्हणून अशा ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ, बॉक्सची अंतिम संख्या निदान तीन आठवडे आधी लेखी, आणि आपल्याला जमतील तेवढेच बॉक्स, या अटी पहिल्याच बोलण्यात घालाव्यात. दीडशे बॉक्स नीट दिले तर पुढच्या वर्षी तोच कारखाना फोन करतो. पाचशेत फसलेल्याचं नाव त्याच सभागृहात सगळ्यांना कळतं.

खरेदी विभाग हमखास ‘जीएसटी बिल आहे का?’ असं विचारतो. तेवढ्यावरून घाईने नोंदणी करू नये. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला, विक्री राज्यातल्या राज्यात असेल, तर वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाखांची आहे. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर नियम वेगळा, तिथं सल्ला घ्यावाच. पण कामगारांना फुकट वाटलेल्या दिवाळीच्या भेटीवर कंपनीला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतच नाही, कायद्याने ते रोखलेलं आहे. त्यामुळे तुमच्या साध्या बिलाने तिचं काही नुकसान होत नाही. हे शांतपणे सांगितलं की बरेच खरेदी अधिकारी मानतात. गणवेशाचा किंवा पुढे विकायच्या मालाचा प्रश्न वेगळा. तिथं समोरच्याला क्रेडिट हवंच असतं आणि नोंदणी नसेल तर तो तेवढा दर पाडून मागतो.

थकलेल्या बिलासाठी चेंबर आपल्या बाजूने उभं राहील, ही आशा मोजून-मापून धरावी. घरी गणवेश शिवणाऱ्या बाईला पीसवर पैसे देणारा उत्पादक त्याच चेंबरचा जुना सभासद असतो, कधी कधी पदाधिकारीही. संघटना मध्यस्थी करू शकते, पण तिला दोघांनाही सांभाळायचं असतं. खरा आधार आहे तो २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. त्यासाठी हवी ती उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, आणि ती माल देण्याआधीची असलेली बरी. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते. दोन-तीन हजार रुपये मागणारी सरकारीसारखी दिसणारी संकेतस्थळं खासगी एजंटांची असतात. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा, माल पोचल्याची तारीख आणि सही चलनावर घ्यावी. पीसचं काम तोंडी बोलण्यावर आणि वहीतल्या नोंदीवर चालतं, तिथंच तक्रार लंगडी पडते.

याच्या जोडीचा एक गैरसमज आहे. बँकेचं कर्ज, मुद्रा, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मिळणारी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची मदत, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची नोंदणी, यांतल्या कशालाही चेंबरचं सभासदत्व लागत नाही. चेंबरचं प्रमाणपत्र म्हणजे पत्त्याचा पुरावाही नव्हे. ‘सभासद व्हा, सबसिडी मिळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर ते तिथंच थांबवावं.

पत्त्यावरून आठवलं. सभासदांच्या यादीत धंद्याचा पत्ता आणि मोबाइल छापला जातो. घरातून काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत तो तिच्या राहत्या घराचा पत्ता असतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि चौदा अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक कायद्याने छापावाच लागतो, तिथं इलाज नाही. पण शिलाई, शिकवणी, हिशेब, डिझाइन करणाऱ्यांनी यादीत फक्त परिसराचं नाव आणि धंद्यासाठी घेतलेला वेगळा नंबर छापायला सांगावं. फॉर्म भरतानाच तसं लिहून द्यावं. छापून झाल्यावर काही करता येत नाही.

तरीही चेंबरचं एक काम असं आहे की ज्यासाठी घरगुती धंदेवाल्यांनी तिथं असायला हवं. ते काम म्हणजे सरकारदरबारी बाजू मांडणं. महाराष्ट्र चेंबर १९२७ साली उभं राहिलं, तेव्हा त्यात पुढाकार होता सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांचा. एतद्देशीय व्यापाराचं म्हणणं सरकारपुढे मांडायला हक्काची जागा हवी होती. गिऱ्हाईक शोधून देणं हे चेंबरचं मूळ काम नाहीच.

विजेचं उदाहरण घ्या. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांनुसार घराच्या काही भागात धंदा करणाऱ्याला घरगुती दर लागू राहतो, पण वापर महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटच्या आत असेल तरच. दोन किलोवॉटचा ओव्हन रोज चार तास, महिन्यात २५ दिवस चालला तर एकट्याचे २०० युनिट होतात. फ्रीज, पंखे, मिक्सर धरले की उन्हाळ्यात तीनशेची रेघ ओलांडलीच. मग व्यापारी दराची टांगती तलवार, आणि घरातल्या दिव्या-पंख्यालाही तोच दर. दरवाढीच्या प्रस्तावांवर आयोग जनसुनावणी घेतो, तिथं कुणालाही लेखी हरकत देता येते. औद्योगिक संघटना तिथं तयारीनिशी जातात आणि कारखान्यांच्या दरावर बोलतात. तीनशे युनिटांच्या मर्यादेवर बोलणारं फारसं कुणी नसतं, कारण निवेदन तयार करणाऱ्या समितीत घरगुती धंद्याचं माणूसच नसतं. ही मर्यादा वाढवावी, किंवा धंद्याच्या भागाला वेगळं उपमीटर देऊन घराचा दर वेगळा ठेवावा, ही मागणी चेंबरच्या निवेदनात घालायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ती घालायला मात्र आतलं माणूस लागतं.

म्हणून व्हायचंच असेल तर नुसतं नाव नोंदवून बसू नये. पैसे भरण्याआधी मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल आणि सभासदांची यादी मागून घ्यावी. यादीतले किती जण आपला माल घेऊ शकतात ते पेन घेऊन मोजावं. दहाही निघाले नाहीत तर या वर्षी राहू द्यावं. एका कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जाऊन बसावं. सभासदत्वाचा प्रकार नीट वाचावा. काही ठिकाणी सहयोगी सभासदाला मत नसतं आणि समितीवरही जाता येत नाही. कमी वर्गणीला भुलून तो प्रकार घेतला तर आपली बाजू मांडण्याचा हक्कच जातो. सामान्य चेंबरपेक्षा आपल्या मालाची स्वतंत्र संघटना असेल तर तिचा विचार आधी करावा. सोलापूरच्या गणवेश उत्पादकांनी भरवलेल्या प्रदर्शनांत बाहेरगावचे खरेदीदार खास गणवेशासाठी येतात. शिलाईवाल्याला तो एक दिवस सर्वसाधारण सभांच्या वर्षभराला भारी आहे.

ओळख करून देतानाही नेमकं बोलावं. ‘आम्ही घरगुती फराळ करतो’ हे ऐकून कुणी फोन करत नाही. ‘तीस ते दीडशे माणसांच्या ऑफिसला आठ दिवसांच्या सूचनेवर फराळाचे बॉक्स पोचवतो, एफएसएसएआय नोंदणी आहे’ हे लक्षात राहतं. कार्ड घेतलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत आपणच फोन करावा आणि वहीत लिहून ठेवावं. वर्षअखेर त्याच वहीवरून सभासदत्व पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरतं.

चेंबरच्या पदाधिकाऱ्यांनाही या पत्रातून विनंती आहे. सभा संध्याकाळी चार ते सहा ठेवली की डबे करणारी बाई कधीच येऊ शकत नाही, कारण तीच तिची स्वयंपाकाची वेळ. तिमाहीत एक सभा सकाळी अकराला घ्या. घरगुती धंद्यांसाठी कमी वर्गणीचा, पण मतदानाचा हक्क असलेला गट करा. स्टॉल अर्धा वाटून घेऊ द्या; पापड-चटणीला तीन मीटरची जागा लागत नाही. आणि वीजदराची पुढची सुनावणी जाहीर झाली की निवेदन पाठवण्याआधी या सभासदांना एकदा बोलवा.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाने जिल्ह्यातल्या व्यापारी संघटनांची वर्गणी, सभासदत्वाचे प्रकार आणि मताचा हक्क यांचा एकत्रित तक्ता छापला, तर अनेक घरांना तो कात्रण काढून ठेवता येईल.

आपला,
लघुउद्योगांचे हिशेब आणि नोंदणीची कामं करणारा एक वाचक,
सोलापूर