शस्त्रक्रिया केवळ पाणी काढण्यासाठी नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एड्सच्या रुग्णाच्या हृदयाभोवती पाणी साठले तर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही, असा सूर आपल्या आरोग्यविषयक लेखात होता. ते अर्धेच खरे आहे. पाणी थोडे असेल, त्रास नसेल, तर हात लावू नये, एचआयव्हीची औषधे नीट चालू ठेवून इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) पाण्यावर लक्ष ठेवावे, हे मान्य.

पण किती पाणी म्हणजे धोका, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. हृदयावरणात एरवीही १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो. सावकाश साठला तर आवरण लिटरभरही सामावून घेते. झपाट्याने साठला तर दीड-दोनशे मिलिलिटरमध्येच हृदय दाबले जाते. रक्तदाब उतरलेला, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, इकोत उजवे कप्पे आत दबलेले, अशा वेळी इकोवर पाहत सुईवाटे नळी घालून पाणी तातडीने काढावेच लागते. तेही टप्प्याटप्प्याने, दाब एकदम सुटला तर क्वचित हृदयच थकते. पायांवर सूज दिसली म्हणून लघवी वाढवणारे इंजेक्शन देणे इथे घातक आहे, कारण हृदयात येणारे रक्त आणखी घटते.

पाणी पुन्हा साठले, घट्ट किंवा पुवाचे निघाले, किंवा कारण कळेना, तर 'खिडकी' करावी. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली पाच-सहा सेंटिमीटरचा छेद घेऊन आवरणाचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा काढतात आणि नळी शेजारच्या वेगळ्या छेदातून बाहेर आणतात. शक्यतो जागा बधिर करूनच. पूर्ण भूल अटळ असेल तर रुग्णाचे पोट-छाती आधी जंतुनाशकाने रंगवून, सर्जन हातमोजे घालून तयार असावा. भुलीची औषधे आणि व्हेंटिलेटरचा दाब यांनी रक्तदाब क्षणात कोसळू शकतो.

लेखात त्या तुकड्याच्या तपासणीचा उल्लेखच नाही. या रुग्णांत टीबी, लिम्फोमा किंवा कापोसी सार्कोमा हे कर्करोग, क्रिप्टोकॉकस ही बुरशी, साधे पू करणारे जंतू, काहीही असू शकते. पाण्यातील एडीए हे विकर (एन्झाइम) लिटरमागे ४० युनिटच्या वर गेले की टीबीचा संशय बळावतो खरा, पण ते लिम्फोमातही वाढते. तुकड्यातूनही दरवेळी उत्तर मिळत नाही, आणि त्यात आपलाच हात असतो: अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, हातची जाते. अर्धा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवायला काहीच लागत नाही.

निदानाविना अंदाजाने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू करणेही धोक्याचे. टीबीजन्य हृदयावरणदाहाच्या १,४०० रुग्णांवर आफ्रिकेत झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने आवरण आवळण्याचे प्रमाण घटले, मृत्यू मात्र घटले नाहीत. उलट एचआयव्हीबाधितांत कर्करोग वाढले.

राहिली कर्मचाऱ्यांना वाटणारी एचआयव्हीच्या लागणीची भीती. दुहेरी हातमोजे आणि धारदार हत्यार हातात न देता ट्रेमधून देणे, हे प्रत्येक रुग्णासाठी तसेही करायचेच असते. सुई टोचलीच तर प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यावीत.

आपले,
हृदय व छाती शल्यचिकित्सेतील दोन डॉक्टर